मृताचा आवाज आणि मंचावरची जागा

मृत माणसाचा मुद्रित आवाज कानी पडतो तेव्हा ऐकणाऱ्यासमोर नेमके काय उपस्थित असते, तो माणूस, त्याचा काही अंश, की तो कधीकाळी होता याची केवळ खूण, हा प्रश्न ध्वनिमुद्रणाच्या शोधाबरोबर जन्माला आला असला तरी त्याच्यामागचा मूळ प्रश्न कितीतरी प्राचीन आहे. कारण मृतांना बोलावणे, त्यांना आसन देणे, त्यांच्यापुढे अन्न मांडणे आणि मग त्यांना निरोप देणे हे अनेक समाज फार पूर्वीपासून करत आले आहेत. कोरियात या मूळ प्रश्नावर दीर्घकाळ वाद झाला आणि त्यापायी माणसांनी प्राणही दिले. त्याच कोरियातील एका लोकप्रिय गायकसमूहाच्या २०१८ सालच्या मैफलींनी तो प्रश्न नव्या रूपात पुढे आणला. करमणूक-व्यवसायातील एक हृद्य प्रसंग एवढीच त्या मैफलींची नोंद घेणे पुरेसे नाही, कारण त्यांच्यात एक जुना धर्मविचार कृतीत उतरलेला दिसतो, आणि ज्यांनी तो कृतीत आणला त्यांनी त्याचे नाव घेतले नसले तरी त्याचे वजन कमी होत नाही.

‘शायनी’ हा पाच तरुणांचा समूह सोलमधील एस. एम. एंटरटेनमेंट या कंपनीने २५ मे २००८ रोजी रसिकांपुढे आणला. ओन्यू, जोंग-ह्यून, की, मिन्हो आणि तेमिन हे त्याचे पाच सदस्य. त्यांतील जोंग-ह्यून हा मुख्य गायकांपैकी एक होता, शिवाय गीतकार आणि संगीतकारही होता. २०१४ ते २०१७ या काळात एम.बी.सी.च्या रेडिओवर रात्री उशिरा प्रसारित होणारा ‘ब्लू नाइट’ हा कार्यक्रम तो सादर करत असे, आणि त्यामुळे असंख्य तरुणांना त्याचा आवाज गाण्याइतकाच बोलण्यातूनही परिचयाचा झाला होता. समूहाचे दौरे ‘शायनी वर्ल्ड’ या नावाने आणि क्रमांकाने ओळखले जात; पहिला दौरा डिसेंबर २०१० मध्ये टोकियोत सुरू झाला, आणि पुढे प्रत्येक दौऱ्यातील सोलच्या मैफलींचा लाइव्ह अल्बम, म्हणजे स्टुडिओऐवजी श्रोत्यांसमोर गायलेल्या गाण्यांचे मुद्रण, प्रसिद्ध होण्याचा प्रघात पडला. सप्टेंबर २०१६ मध्ये सोलच्या ऑलिंपिक जिम्नॅस्टिक्स अरेनात झालेल्या पाचव्या दौऱ्यातील मैफलींचा असा अल्बम २०१७ साली आला. त्याच वर्षी १८ डिसेंबरला, वयाच्या २७ व्या वर्षी जोंग-ह्यूनचे निधन झाले आणि तो अल्बम पाच जणांच्या कोरियातील मैफलींचा अखेरचा लाइव्ह अल्बम ठरला.

जपानमधील पुढच्या मैफली तोवर ठरून गेल्या होत्या. उरलेल्या चौघांनी त्या रद्द न करता १७ आणि १८ फेब्रुवारी २०१८ रोजी ओसाकाच्या क्योसेरा डोममध्ये आणि २६ व २७ फेब्रुवारीला टोकियो डोममध्ये गायन केले, आणि अनेक गाण्यांत जोंग-ह्यूनच्या वाट्याच्या ओळी त्याच्याच मुद्रित आवाजात ऐकवल्या गेल्या. हजारो श्रोत्यांपुढे चार देह आणि पाच आवाज अशी ती रचना होती. या रचनेला काय म्हणावे, हाच येथील प्रश्न आहे: ती श्रोत्यांची गोड फसवणूक होती, शोकाचे प्रदर्शन होते, की ज्याला धर्मशास्त्रात विधी म्हणतात तसे काहीतरी होते?

उत्तराकडे जाण्यापूर्वी एक तांत्रिक बाब ध्यानात घ्यावी लागते, कारण तिच्यामुळे प्रश्न वाटतो त्याहून अवघड होतो. कोरियन लोकप्रिय संगीताच्या मैफलीत मुद्रित आवाज ही अपवादात्मक गोष्ट मुळीच नाही. तेथे ‘एम.आर.’ म्हणजे गायनाविना केवळ वाद्यसंगीत असलेले मुद्रण आणि ‘ए.आर.’ म्हणजे गायनासह संपूर्ण मुद्रण असे दोन शब्द रूढ आहेत. अवघड नृत्य करत गाताना धाप लागते म्हणून गायकाच्या प्रत्यक्ष आवाजाखाली त्याचाच आधी मुद्रित केलेला आवाज हलक्या पातळीवर वाजवत ठेवण्याची पद्धतही सर्रास आहे. गायकाच्या कानातील छोट्या श्रवणयंत्रातून ठोक्यांची लय त्याला ऐकू येत असते आणि नृत्य, दिवे, पडद्यावरची चित्रे हे सारे त्या लयीला बांधलेले असते. म्हणजे पाचही जण हयात असतानासुद्धा मंचावरून कानी येणाऱ्या आवाजात त्या क्षणाचा किती आणि पूर्वीच्या एखाद्या दिवसाचा किती, हे श्रोत्याला वेगळे करून सांगता आले नसते. तंत्राच्या दृष्टीने पाहिले तर २०१८ साली मंचावर नवे असे काही घडले नाही. पूर्वी मुद्रित आवाजामागे श्वास घेणारा गळा होता आणि आता तो नव्हता, एवढाच फरक झाला. हा फरक ध्वनीच्या मोजमापात सापडणार नाही. तरीही तो सर्वस्वी निर्णायक आहे हे प्रत्येक श्रोत्याला ठाऊक होते, आणि म्हणून उपस्थिती हा ध्वनीचा गुणधर्म आहे ही कल्पना येथेच सोडून द्यावी लागते.

लाइव्ह अल्बमबाबतही हेच खरे आहे. असा अल्बम म्हणजे त्या रात्रीचा जसाच्या तसा ठसा, अशी सर्वसाधारण समजूत असते. प्रत्यक्षात प्रत्येक मायक्रोफोनचा आवाज स्वतंत्र पट्टीवर मुद्रित होतो, श्रोत्यांच्या आरोळ्या टिपणारे मायक्रोफोन वेगळे टांगलेले असतात, आणि नंतर स्टुडिओत बसून या साऱ्यांचे प्रमाण ठरवले जाते. अनेक रात्रींच्या मैफली असतील तर कोणत्या रात्रीचे कोणते गाणे घ्यायचे याचीही निवड होते. ऐकणाऱ्याला जी एक रात्र वाटते ती कधी कधी अनेक रात्रींतून जुळवलेली असते. असे असूनही लाइव्ह अल्बमला स्टुडिओतील गाण्यांपेक्षा निराळी किंमत मिळते, कारण त्यात गायकाबरोबर त्याला ऐकणारेही मुद्रित झालेले असतात. स्टुडिओतील गाण्यात माणूस गातो. लाइव्ह अल्बममध्ये माणूस कोणासमोर तरी गातो, तो थांबतो तेव्हा समोरून उत्तर येते, आणि तो संबंधच मुद्रित होतो. मृत्यूनंतर हाच संबंध ऐकणे जड जाते, कारण अल्बममधील श्रोत्यांना जे माहीत नाही ते आजच्या श्रोत्याला माहीत असते.

भारतीय दर्शनांत शब्दाच्या नित्यतेचा जो प्रदीर्घ वाद झाला तो येथे उपयोगी पडतो, मात्र तो नेमक्या जागी लावला पाहिजे. मीमांसकांच्या मते शब्द नित्य आहे. उच्चाराने तो निर्माण होत नाही, आधीच असलेला शब्द उच्चाराने केवळ प्रकट होतो, आणि याचा पुरावा असा की काल ऐकलेला ‘ग’ आज पुन्हा ऐकताच हा तोच वर्ण आहे अशी ओळख पटते, जिला प्रत्यभिज्ञा म्हणतात. नैयायिकांना हे मान्य नाही. शब्द हा आकाशाचा गुण आहे, तो उत्पन्न होतो आणि क्षणात नाश पावतो, आणि ‘हा तोच’ ही ओळख प्रत्यक्षात सारखेपणावर आधारलेली असते, दिव्याची ज्योत प्रतिक्षणी नवी असूनही ती तीच आहे असे वाटावे तशी. मुद्रित गाणे पुन्हा वाजते तेव्हा मीमांसकाची बाजू वरचढ वाटण्याचा मोह होतो: आवाज नष्ट झाला नव्हता, तो पुन्हा प्रकट झाला. परंतु मीमांसकांनी वर्ण आणि ध्वनी यांत भेद केला होता, हे विसरून चालत नाही. वर्ण नित्य, त्याला व्यक्त करणारा ध्वनी, म्हणजे अमुक एका गळ्यातून निघालेला, उंच वा खोल, कापरा वा भरदार असा नाद, मात्र अनित्यच. एखाद्या गायकाच्या आवाजात त्याचे म्हणून जे काही असते, श्वास घेण्याची लकब, स्वर धरण्याचा आणि सोडण्याचा ढंग, ते सारे या ध्वनीच्या बाजूला पडते. म्हणजे चाहते ज्याच्यासाठी व्याकूळ होतात ते नाशवंत आहे यावर दोन्ही पक्षांचे एकमत आहे. बोलणारा गेल्यावर त्याचा ध्वनी जसाच्या तसा परत कानी पडेल, ही शक्यता या दोहोंपैकी कोणालाही विचारात घ्यावी लागली नव्हती, आणि म्हणून त्यांच्या वादातून प्रश्नाची धार स्पष्ट होत असली तरी उत्तर हाती येत नाही.

उत्तराची दिशा कोरियाने ज्या परंपरेतून आपले पितृविधी घेतले तिच्यात सापडते. कन्फ्यूशियसच्या संवादांत एक छोटे स्थळ आहे, तेथे असे सांगितले आहे की तो पितरांना अर्पण करताना पितर समोर असल्यासारखे वागत असे. आणि लगेच पुढे त्याचेच मत दिले आहे की अर्पणाच्या वेळी तो स्वतः मनाने व देहाने हजर नसेल, तर ते अर्पण झालेच नाही असे समजावे. या दोन विधानांची सांगड फार महत्त्वाची आहे. मृत व्यक्ती खरोखर आली की नाही, याविषयी पहिल्या विधानात दावा नाही, फक्त ‘असल्यासारखे’ एवढेच आहे. आणि दुसऱ्या विधानात ज्या उपस्थितीचा आग्रह धरला आहे ती मृताची नसून जिवंताची आहे. पितर आले का, या प्रश्नाऐवजी वंशज आला का, हा प्रश्न तेथे केंद्रस्थानी येतो.

इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातील शुन्झ या विचारवंताने विधींवरील आपल्या प्रकरणात हा विचार आणखी पुढे नेला. अर्पण म्हणजे मनातील ओढीला आणि आठवणीला मिळालेले रूप, ज्याला आकार नाही आणि सावलीही नाही अशा गोष्टीला दिलेली घडण, असे तो मानतो. सामान्य लोक या विधींकडे आत्म्यांशी होणारा व्यवहार म्हणून पाहतात आणि विचारी माणूस त्यांच्याकडे मनुष्याचे वागणे म्हणून पाहतो, असा भेदही तो करतो, तरी विधी टाकून द्यावा असे म्हणत नाही. त्याहून प्राचीन चीनमध्ये तर पितराच्या जागी त्याच्या नातवाला वा तशाच एखाद्या वंशजाला बसवून त्याला अन्नपान अर्पण करण्याची प्रथा होती. श्राद्धात पितरांच्या स्थानी ब्राह्मणांना बसवून भोजन देण्याचा प्रघात ज्या मराठी वाचकाला माहीत आहे, त्याला हे परके वाटणार नाही. बसलेला माणूस तो पितर नाही हे सर्वांना ठाऊक असते, त्यामुळे तेथे कोणी कोणाला फसवत नाही.

कोरियातील ‘जेसा’ म्हणजे पितरांचा वार्षिक विधी याच विचारावर उभा आहे. जोसन राजवटीत चू शी या चिनी पंडिताच्या गृहविधींच्या ग्रंथाला प्रमाण मानून घराघरांत त्याची पद्धत रुजली. पितराची प्रतीकपट्टी चेस्टनटच्या लाकडाची करत, तिला ‘शिनजू’ म्हणत. ती नसेल तर कागदावर नाव लिहून ‘जिबांग’ तयार केले जाते. धूप लावून आणि मद्य ओतून मृताला बोलावले जाते, अन्न मांडले जाते, आणि मग ‘हापमुन’ नावाचा एक भाग येतो, ज्यात घरची माणसे पितराला निवांत जेवता यावे म्हणून दार लावून घेऊन काही वेळ बाहेर थांबतात. या विधीचा गाभा तेथेच आहे. बंद दाराआड काय घडते हे कोणी पाहत नाही आणि कोणी तपासतही नाही; दार लावून बाहेर थांबणे एवढेच जिवंतांचे काम असते. त्यानंतर निरोप दिला जातो, कागदी पट्टी जाळली जाते, आणि अर्पण केलेले अन्न सर्वजण वाटून खातात, त्याला ‘उम्बोक’ म्हणतात.

हे ‘असल्यासारखे’ वागणे सर्वांनाच निरुपद्रवी वाटले असे नाही. पोप चौदावे बेनेडिक्ट यांनी १७४२ साली चिनी पितृविधींवर बंदी घातली होती, आणि तो आदेश बीजिंगच्या बिशपमार्फत १७९० साली कोरियातील नवजात कॅथलिक समुदायापर्यंत पोहोचला. यून जी-चुंग या उच्चकुलीन कॅथलिकाने त्याप्रमाणे पितरांच्या प्रतीकपट्ट्या जाळल्या आणि १७९१ साली आई वारली तेव्हा तिचे पितृविधी केले नाहीत. त्याच वर्षी डिसेंबरात जोनजू येथे त्याला आणि त्याचा नातलग ग्वोन सांग-योन याला मृत्युदंड देण्यात आला. दरबाराच्या दृष्टीने मृत आईला जेवू न घालणारा मुलगा माणुसकीतून उठलेला होता. यूनच्या दृष्टीने लाकडापुढे आई असल्यासारखे वाकणे म्हणजे सत्याशी केलेली प्रतारणा होती. दोन्ही बाजू आपापल्या जागी प्रामाणिक होत्या, आणि यूनने आपल्या प्रामाणिकपणाची किंमत प्राणांनी मोजली, याविषयी आदर बाळगूनच त्याच्या युक्तिवादाकडे पाहिले पाहिजे. पुढे १९३९ साली रोमने आपली भूमिका बदलली, हे विधी पूर्वजांविषयीच्या आदराची नागरी कृती म्हणून कॅथलिकांना मोकळे केले, आणि २०१४ साली पोप फ्रान्सिस यांनी सोलमध्ये यूनसह १२४ हुतात्म्यांना ‘धन्य’ घोषित केले. बंदी मोडण्यास नकार देणारा हुतात्मा आणि बंदी उठवणारा निर्णय या दोहोंना एकाच संस्थेने मान दिला, यात विसंगती दिसली तरी तिच्यातून एक गोष्ट उघड होते: ‘असल्यासारखे’ ही श्रद्धेविषयीची विधानपर भाषा आहे असे मानले तर ती खोटी ठरते, आणि वागण्याची रीत आहे असे मानले तर ती खरी-खोटी ठरवण्याचा प्रश्नच उरत नाही. आजच्या कोरियात २०१५ च्या जनगणनेनुसार सुमारे ५६ टक्के लोक आपला कोणताही धर्म नसल्याचे सांगतात, आणि तरीही जेसा अनेक घरांत चालू आहे. प्रॉटेस्टंट घरांत त्याऐवजी ‘चुदो येबे’ नावाची स्मरणप्रार्थना होते. सिद्धान्त विरळ झाला तरी रीत टिकून राहिली.

या पार्श्वभूमीवर त्या चार मैफली पाहिल्या तर त्यांचे स्वरूप बरेच स्पष्ट होते. जोंग-ह्यूनची व्यक्तिगत श्रद्धा काय होती याच्याशी या विवेचनाचा संबंध नाही, आणि त्या चौघांनी जाणूनबुजून विधी केला असेही येथे सुचवायचे नाही. त्यांनी त्याच्या ओळी सरसकट आपसांत वाटून घेतल्या नाहीत. त्या ओळींच्या वेळी ते थांबले. हे थांबणे दार लावून बाहेर उभे राहण्याच्या जातीचे होते. मुद्रण वाजले म्हणून जोंग-ह्यून तेथे आला, असे म्हणता येत नाही. जिवंतांनी त्याची जागा राखली आणि त्या जागेभोवती आपले गाणे बेतले, म्हणून त्या मुद्रणाला उपस्थितीचा अर्थ आला. तेच मुद्रण दुकानात वा बसस्थानकावर वाजले तर तो अर्थ येत नाही. चाहत्यांकडेही त्यांचा वाटा होता. कोरियन मैफलींत गाण्याच्या ठराविक जागी सदस्यांची नावे क्रमाने पुकारण्याची पद्धत आहे, आणि शायनीचे चाहते आजही पाच नावे पुकारतात. कोरियातील जुन्या अंत्यविधीत माणूस मरण पावताच कोणीतरी त्याचे वस्त्र घेऊन छपरावर चढे आणि उत्तरेकडे तोंड करून त्याचे नाव तीनदा पुकारे. या विधीला ‘चोहोन’, म्हणजे गेलेल्या प्राणाला बोलावणे, म्हणतात. हाकेला उत्तर आले नाही की मगच पुढची तयारी सुरू होई. उत्तर येणार नाही हे जवळजवळ ठाऊक असताना घातलेली ती हाक व्यर्थ म्हणता येत नाही, कारण मृत्यू मान्य करण्याची ती पहिली पायरी होती.

येथे एक आक्षेप घेता येईल आणि तो हलका नाही. मंचावरून मृताचा आवाज ऐकवणे जर विधीसारखे असेल, तर मृताला कृत्रिम बुद्धिमत्तेने पुन्हा गायला लावणेही तसेच का मानू नये? कोरियात हे घडले आहे. डिसेंबर २०२० मध्ये एमनेट वाहिनीच्या एका कार्यक्रमात २००८ साली निवर्तलेल्या, टर्टलमॅन या नावाने परिचित असलेल्या गायकाकडून आणि १९९० साली निवर्तलेल्या किम ह्यून-सिक यांच्याकडून, त्यांनी हयातीत कधीच न गायलेली गाणी संगणकाच्या साहाय्याने गाऊन घेण्यात आली. त्याच महिन्याच्या अखेरच्या रात्री एका मोठ्या संगीत कंपनीच्या मैफलीत २०१४ साली वारलेले शिन हे-चोल यांची प्रतिमा मंचावर साकारण्यात आली. या प्रयत्नांमागे अनेकदा आदर असतो आणि कुटुंबीयांचे अश्रूही खरे असतात. तरीही दोन्हींत फरक आहे, आणि तो कोरियातील शामानी परंपरेच्या आधारे नीट मांडता येतो.

‘गुत’ म्हणजे शामान स्त्रीने, ‘मुदांग’ने, गायन-नृत्यातून केलेला विधी. सोलच्या परिसरातील परंपरेत मुदांगच्या अंगात येते आणि तिच्या मुखातून मृत बोलतो, त्या बोलण्याला ‘गोंगसू’ म्हणतात. मृत तेथे नवी वाक्ये बोलतो, रागावतो, मागणी करतो, सांत्वन करतो. नैर्ऋत्येकडील जिंदो बेटावरच्या ‘सिटगिम-गुत’मध्ये, जो १९८० साली राष्ट्रीय वारसा म्हणून नोंदला गेला, हे सहसा होत नाही. तेथील मुदांग घराण्याच्या परंपरेने हे काम करतात, त्यांच्या अंगात येत नाही. त्या मृताच्या वतीने न बोलता मृतासाठी गातात. मृताचे कपडे चटईत गुंडाळून त्याचा देह कल्पितात आणि तो सुगंधी व स्वच्छ पाण्याने धुतात, लांब कापडाला मारलेल्या गाठी एकेक करून सोडवतात, आणि शेवटी पांढऱ्या कापडाचा रस्ता अंथरून त्याला वाट करून देतात. संगणकाने घडवलेला आवाज गोंगसूच्या बाजूला झुकतो, पण गोंगसूमध्ये निदान एक जिवंत स्त्री असते, जी त्या शब्दांची जबाबदारी आपल्या देहाने वाहते आणि जिला ओळखणारे, प्रश्न विचारणारे गाव भोवती बसलेले असते. संगणकाच्या आवाजामागे असे कोणी नसते. तो राखलेली जागा भरून टाकतो. मृताने जे म्हटले नाही ते त्याच्या तोंडी घालतो, आणि मृताला नकार देण्याची सोय ठेवत नाही. फेब्रुवारी २०१८ मधील मैफली जिंदोच्या रीतीच्या जवळ जातात. जोंग-ह्यूनच्या मुद्रणाने त्याने गायले तेवढेच गायले, एकही स्वर अधिक नाही, आणि उरलेले चौघे त्याच्यासाठी गायले.

प्लेटोने लिखित शब्दाविरुद्ध तक्रार नोंदवून ठेवली आहे की त्याला कितीही प्रश्न विचारले तरी तो पुन्हा पुन्हा तेच एक उत्तर देतो. मुद्रित आवाजालाही ती लागू आहे, आणि सामान्यतः ती त्याची उणीव समजली जाते. मृताच्या बाबतीत मात्र ही उणीवच त्याच्या सत्यतेची हमी ठरते. २०१६ च्या सप्टेंबरातील लाइव्ह अल्बममधील जोंग-ह्यून पुढे काय होणार हे जाणत नाही आणि त्याच्याकडून ते कधी वदवून घेता येणार नाही. त्या आवाजात भविष्याची चाहूल शोधणारे ऐकणे समजण्यासारखे असले तरी ते त्या रात्रीवर आणि त्या तरुणावर अन्याय करणारे आहे. ज्याने त्या मंचावर मनापासून आनंद दिला, त्याचा आनंद त्याच्या मृत्यूच्या प्रकाशात खोटा ठरवण्याचा अधिकार कोणालाही नाही.

मात्र लाइव्ह अल्बम आणि विधी यांत एक असा फरक उरतो जो वर मांडलेल्या विवेचनाने मिटत नाही. विधीला शेवट असतो. मराठीत आवाहन आणि विसर्जन हे शब्द जोडीने येतात ते उगाच नाही. ज्याला बोलावले त्याला निरोप दिला पाहिजे. सोलमधील जोंगम्यो या राजघराण्याच्या पितृमंदिरात आजही दरवर्षी मे महिन्यात राजपितरांचा विधी होतो, त्याचे संगीत पंधराव्या शतकात, राजा सेजो याच्या काळात, तेथे रूढ झाले आणि २००१ साली युनेस्कोने त्याला मानवजातीच्या वारशात स्थान दिले; त्या संगीताच्या रचनेत आत्म्यांच्या स्वागताला जसा स्वतंत्र भाग आहे तसाच त्यांना निरोप देण्यालाही आहे. बौद्ध परंपरेत मृत्यूनंतर सात-सात दिवसांनी विधी करून एकोणपन्नासाव्या दिवशी मृताला पुढच्या जन्माच्या वाटेला लावले जाते. जोंग-ह्यूनच्या निधनापासून मोजल्यास तो दिवस ४ फेब्रुवारी २०१८ हा येतो, आणि ओसाकाची पहिली मैफल त्यानंतर दोन आठवड्यांच्या आतच झाली. मैफलही संपते, दिवे लागतात, माणसे आगगाडी गाठायला निघतात. अल्बम मात्र संपला की पुन्हा पहिल्या गाण्यावर येतो, मध्यरात्री वा पहाटे, कितीही वेळा, आणि त्यात निरोपाचा भाग कोठेच नसतो. बोलावण्याची अमर्याद सोय आणि निरोप देण्याची कोणतीच रीत नाही, ही स्थिती शोकाकुल माणसाला आधार देऊ शकते तशी अडकवूनही ठेवू शकते. बौद्ध विचार ज्याला उपादान म्हणतो, म्हणजे जाणाऱ्या गोष्टीला घट्ट धरून ठेवणे, त्याला या माध्यमात वाव आहे हे मान्य करावे लागते.

कन्फ्यूशियन शोकविधींनी या अडचणीचा विचार फार बारकाईने केला होता. मृत्यूनंतरच्या पहिल्या काळात शोक करणाऱ्याने अनावर होईल तेव्हा रडावे, त्याला वेळेचे बंधन नाही. मग ‘जोलगोक’ नावाचा विधी येतो, आणि त्यानंतर रडणे फक्त सकाळ-संध्याकाळच्या ठरलेल्या वेळी होते. शोक संपवण्याची सक्ती त्यात नाही. त्याला जागा आणि वेळ नेमून दिली जाते, जेणेकरून उरलेला दिवस जगण्यासाठी मोकळा राहील. अल्बम ऐकणाऱ्याला अशी वेळ नेमून देणारे कोणी नाही. समूहापुरते बोलायचे तर, त्याने ही मर्यादा आपल्या कामातून हळूहळू आखलेली दिसते: २०१८ च्या मे-जूनमध्ये दहाव्या वर्षाच्या निमित्ताने चौघांनी ‘द स्टोरी ऑफ लाइट’ हा तीन भागांतील नवा अल्बम काढला, त्यात गेलेल्या मित्रासाठीचे गाणे होते आणि इतर अनेक गाणी त्याच्याविना, चौघांच्याच आवाजांसाठी रचलेली होती. पाच जण असल्याचे म्हणत राहणे आणि चौघांची नवी गाणी रचणे या दोन्ही गोष्टी त्यांनी बरोबरीने चालू ठेवल्या. जोंग-ह्यूनच्या कुटुंबीयांनी त्याच वर्षी त्याच्या गाण्यांच्या मानधनातून ‘बिचिना’ हा न्यास स्थापन केला, तो तरुण कलावंतांना साहाय्य करतो. उम्बोकमध्ये अर्पण केलेले अन्न मृताकडून परत येऊन जिवंतांच्या पोटात जाते आणि त्यात काही विटाळ मानत नाहीत. ज्या गाण्यांचे उत्पन्न या कामाला लागते ती ऐकणारा चाहता, त्याला ठाऊक असो वा नसो, त्याच पंगतीत बसलेला असतो.